२४ जूनला वाढदिवस, २७ पर्यंत सगळे पांगणार: एकच पार्टी की दोन?

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | ९ जून, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या शिवोलीची, एका सेमिस्टरसाठी पोर्तुगालमध्ये कोइंब्राला आलेय. परीक्षा २० जूनला संपते. २४ ला माझा वाढदिवस, बाविसावा. आणि २५ पासून आमचं घर रिकामं व्हायला लागणार. आधी पोलंडची जाईल, मग इटलीचा, २७ ला मोरोक्कोची. ब्राझीलची आणि घरातली एकमेव पोर्तुगीज मुलगी मागे राहतील. मी ३० ला निघणार.

आता घरात वाद असा पडलाय की वाढदिवस आणि निरोप एकाच रात्री करायचा का. इटलीचा म्हणतो एकच कर, पैसे वाचतील. पोर्तुगीज मैत्रीण म्हणते, तुझ्या दिवशी रडारड नको. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

शिवाय स्वयंपाकाचा प्रश्न आहेच. पोलंडची व्हीगन, मोरोक्कोची हलाल पाळते आणि मला सगळ्यांना गोंयचं काहीतरी खिलवायचंय. दोन शेगड्या आहेत, ओव्हन नाही. आईने पाठवलेल्यांपैकी आमसुलं, तिरफळं आणि थोडा मसाला उरलाय.

जाताना काय द्यावं तेही सुचवा. खिशात फारसं नाही.

फोंड्याचो_पोदेर | १० जून, सकाळी ६.१०

२४ जून? म्हणजे सांजाव, संत जॉनचा सण! बाय, तुझ्या वाढदिवसाला अख्खी शिवोली होड्या सजवून व्हाळात उतरते आणि तू इथे पार्टी एक की दोन विचारतेस?

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | १० जून, दुपारी १२.०५

@फोंड्याचो_पोदेर हो ना. लहानपणी मला खरंच वाटायचं की ती मातीची घुमट वाद्यं माझ्यासाठी वाजतात. शेजारच्या आंटी कोपेल, म्हणजे फुलापानांचा मुकुट, करून माझ्या डोक्यावर घालायच्या.

राइनपार_म्हापसेकर | १० जून, दुपारी १.३०

दोन कर. मी जर्मनीत दोन वर्षं काढली, तिथे वाढदिवस ज्याचा त्यानेच सगळ्यांना बोलवायचं, केक आणायचा, बिलही त्यानेच द्यायचं. त्यामुळे पैसे वाचवायला लोक वाढदिवस, निरोप, नोकरी लागली, सगळं एकत्र उरकतात. अशा दोन-तीन पार्ट्यांना मी गेलोय. होतं असं की, केक कापून होत नाही तोवर कुणीतरी 'परत कधी भेटणार' काढतं. मग जिचा वाढदिवस तीच सगळ्यांची समजूत घालत बसते. निरोपाला यजमान नसतो, सगळेच जाणारे असतात. वाढदिवसाला मात्र एकच माणूस मधोमध असतं. त्या दोन गोष्टींची भेसळ नको.

आणि एक. घरच्यांना सांगून ठेव, रात्री बाराच्या ठोक्याला मेसेज टाकू नका. इथले बारा म्हणजे तुझ्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळचे साडेसात. जर्मन लोक आधी दिलेल्या शुभेच्छांना फार अपशकुनी मानतात. पोर्तुगीजही मानतात असं ऐकलंय.

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | १० जून, दुपारी १.५२

मानतात!! मैत्रिणीने मला बजावून ठेवलंय. पण माझ्या आत्याला कोण बजावणार?

मडगावची_माई | १० जून, दुपारी ३.१५

आत्याला काही सांगू नकोस गो. मोठ्या माणसांच्या आशीर्वादाला घड्याळ लागत नाही. मेसेज उघडू नकोस बाराला, झालं.

मुळात वाढदिवस तिथीनेच करायचा. तिथीने बघितलास तर तो २४ ला पडेलच असं नाही, म्हणजे तुझा सगळा प्रश्नच सुटला. तिथीला औक्षण, तारखेला ती तुमची पार्टी. औक्षण व्हिडिओ कॉलवर करा. माझा मुलगा कॅनडात आहे, मी इथून मोबाइलला ओवाळते, तो तिकडे मान वाकवतो. त्याची बायको हसते. हसू दे.

जेवणाचं म्हणशील तर चण्याचं तोणाक कर, आपली भाजल्या खोबऱ्याची रसदार उसळ. त्यात मुळात दूध-तूप काही नाही, तुझ्या पोलंडवालीला आणि मोरोक्कोवालीला दोघींनाही चालेल. गोडाला मणगणें, चणाडाळीची खीर.

डिचोलीचा_रोखठोक | १० जून, संध्या. ६.००

एक प्रामाणिक प्रश्न. पाच महिन्यांच्या ओळखीचा एवढा गाजावाजा कशाला? आमच्या वेळी कॉलेज संपलं की 'चल भेटू' म्हणायचं आणि कदंबाच्या बसमध्ये बसायचं. आता तर व्हॉट्सअ‍ॅप आहे, सगळे एकमेकांच्या खिशातच असतात. जे टिकायचं ते टिकेल. कर्ज काढून पार्ट्या नकोत.

कुळागरातली | १० जून, संध्या. ६.४५

@डिचोलीचा_रोखठोक कदंबात बसून साखळीला जाणं आणि पोलंडमध्ये क्राकोला जाणं यात थोडा फरक आहे हो.

पाच महिने म्हणता, पण परदेशातले पाच महिने कसे असतात? एकाच स्वयंपाकघरात दिवसातून तीनदा भेट. तापात असताना सूप कुणी दिलं, घरमालकाचं पत्र कुणी वाचून सांगितलं, वकिलातीत कोण बरोबर आलं, हे सगळं त्याच चार-पाच जणांनी केलेलं असतं. मी बेल्जियममध्ये होते तेव्हा आमच्या मजल्यावरच्या चिनी मुलीशी माझी भाषाच जुळत नव्हती, तरी ती निघाली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बी.ए.ची तीन वर्षं बाजूला बसलेल्या मुलीचं आडनाव मला आज आठवत नाही. आणि हो, ग्रुप सहा महिन्यांत थंड होतो. सणाला एक फोटो, खाली चार बदाम. म्हणून तर समोर आहेत तोवर नीट जेवायला बसवायचं.

डिचोलीचा_रोखठोक | १० जून, संध्या. ७.१०

जेवायला बसवा की. मी 'कर्ज काढून नको' म्हटलं, 'उपाशी पाठवा' नाही म्हटलं.

दोरूची_सून | ११ जून, पहाटे २.२०

मी पोर्तोजवळ राहते, मूळ कुडचड्याची. बाय, तुझ्या वाढदिवसाची पार्टी पोर्तो शहर फुकटात देतंय, हे तुला कुणी सांगितलं नाही का?

पोर्तोत २३ च्या रात्री साव जुआंव, म्हणजे आपला सांजावच. पण इथे आपल्यासारखी विहिरीत उडी नाही. लोक प्लॅस्टिकचे हातोडे घेऊन रस्त्याने फिरतात आणि अनोळखी माणसांच्या डोक्यावर टुक्‌टुक् मारतात. पूर्वी लसणीच्या फुलाचा लांब देठ नाकाला लावायचे, तेही अजून दिसतं. गल्लोगल्ली सार्डिन भाजतात. कागदाचे आकाशकंदील सोडतात. आणि बरोब्बर रात्री बाराला दोरू नदीवर, लुईश पुलाजवळ आतशबाजी. म्हणजे तू बावीस वर्षांची होतेस त्या मिनिटाला!

कोइंब्राहून आगगाडीने यायचं, साधारण तास-सव्वा तास. रात्री राहायला खोली लागत नाही, त्या रात्री कुणी झोपतच नाही. फिरत फिरत पहाटे फोशला समुद्रावर जायचं आणि सूर्योदय बघून पहिली गाडी पकडायची. पायात जुने बूट घाला. पोलंडवालीला सार्डिन नाही चालणार, पण भाजलेल्या ढब्बू मिरच्या आणि पाव सगळीकडे मिळतात. ब्राझीलवालीला सांग तिकीट आधी काढायला, गर्दी असते.

सांजाव दोन्हीकडे एकच, पण तिकडे भर पावसात, इकडे कडक उन्हाळ्यात.

फोंड्याचो_पोदेर | ११ जून, सकाळी ६.०५

डोक्यात हातोडा मारून वाढदिवस. जावयासाठी उत्तम प्रथा.

राइनपार_म्हापसेकर | ११ जून, सकाळी १०.२०

@दोरूची_सून हे माहीत असतं तर मी वरचं सगळं लिहिलंच नसतं. २३ ला पोर्तो. मग निरोप वेगळा, घरात.

आल्तिनोवरचे_आजोबा | ११ जून, सकाळी ११.००

मुलांनो, गोंयकाराला परदेशी शिकायला जाणं नवं नाही. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली अमेरिकेला हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या कामाला गेले. त्यांचे चिरंजीव दामोदर तिथूनच १९२९ मध्ये पदवीधर झाले. तुमचं कोइंब्रा विद्यापीठ तर १२९० चं, आणि गोव्यातून किती पिढ्या तिथे कायदा आणि वैद्यक शिकून आल्या.

माझे धाकटे काका पन्नाशीच्या दशकात लिस्बनला शिकत होते. बोटीने जाणं, आठवडे लागायचे. तिथे खोलीवरचा एक जोडीदार होता, आलेंतेझुचा शेतकऱ्याचा मुलगा. काका १९६० मध्ये परतले. मग १९६१ चा डिसेंबर आला आणि पत्रं बंद पडली. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, त्यानंतर काही महिन्यांनी काकांना एक पाकीट आलं. आत लग्नाचा फोटो, तीन मुलांचे फोटो, आणि 'तुझी छत्री माझ्याकडे राहिली आहे' एवढं एक वाक्य. काका ते पत्र घेऊन आठवडाभर घरोघर फिरले. आम्ही सगळ्यांनी त्यांची थट्टा केली.

तेव्हा श्री. रोखठोक, पाच महिन्यांचं मोजमाप लगेच करू नये.

डिचोलीचा_रोखठोक | ११ जून, सकाळी ११.३०

आजोबा, माघार. छत्रीपुढे माझं काही चालत नाही.

एसटीप्रेमी | ११ जून, दुपारी १२.१५

कोसंबी वाढदिवसाच्या धाग्यात कसे आले ते मी दोनदा वाचलं. तरीही आवडलं.

मडगावची_माई | ११ जून, दुपारी २.००

मणगण्याला चण्याची डाळ, साबुदाणा आणि गूळ मिळेल का गो तिकडे? नाहीतर कोण येत असेल तर पाठवते. पेढेही देते.

विमानतळावरचो_मामा | ११ जून, दुपारी ४.४०

माई, पेढे नको! युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. पेढा, तूप, चोरीस म्हणजे आपलं डुकराचं सॉसेज, सगळं बाद. मासे मात्र चालतात, ठरलेल्या वजनापर्यंत. म्हणजे सुकी सुंगटां, म्हणजे कोळंबी, कायदेशीर आणि पेढा बेकायदेशीर. विमानात शेजारी बसणाऱ्याचं मत वेगळं असू शकतं.

फळांचंही तसंच. मानकुराद आंबा न्यायचा तर रोपस्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं. ज्या पाच फळांना ते लागत नाही त्यांत नारळ आहे. अननस, केळी, खजूर आणि ड्युरियन ही बाकीची. पण सुकं खोबरं बॅगेत घालू नका, ते आपल्याच विमानतळावर काढून ठेवतात. तेल असतं त्यात, पेट घेतं.

कुळागरातली | ११ जून, संध्या. ५.१५

हा प्रतिसाद वेगळा काढून जपून ठेवावा.

लिस्बनचो_भाट | ११ जून, रात्री १०.३०

नारळ कशाला वाहून आणायचा? इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात केकच्या सामानात किसलेलं सुकं खोबरं मिळतं, बिनसाखरेचं. ते मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाज, कांदा वेगळा भाज, धणे-मिरी-लवंग-दालचिनी-बडीशेप घाल, वाट. चणे डब्यातले घे, शिजवायची कटकट नाही. लाल रंगासाठी इथली गोड मिरचीपूड. तोणाक होतं, आईच्या हातचं नव्हे, पण होतं. पाव तर आपण यांच्याकडूनच घेतला.

गुळासाठी ब्राझिलियन दुकानात जा, 'रापादुरा' माग. तो आपला गूळच, उसाचा, ढेपेचा. चण्याची डाळ कोइंब्रात मिळाली नाही तर लिस्बनला मार्तिम मोनिजच्या बांगलादेशी दुकानांत नक्की.

केकचं: ओव्हन नाही ना? पोर्तुगीज मैत्रिणीला बिस्किटांचा केक करायला सांग. मारी बिस्किटं काळ्या कॉफीत बुडवायची, थरांवर लोण्याचं क्रीम, रात्रभर फ्रिजमध्ये. इथे घरोघरी वाढदिवसाला करतात. व्हीगन मुलीसाठी छोटा वेगळा करा, लोण्याऐवजी नारळाच्या दुधाचं घट्ट क्रीम. आणि पार्टी घरात असेल तर रात्री अकरानंतर आवाज कमी, शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले तर ते येतात.

इल्हासची_पोर | १२ जून, सकाळी ९.००

ब्राझीलवाली आहे म्हणताय, मग सावध. त्यांच्यात केकचा पहिला तुकडा सगळ्यांत लाडक्या माणसाला द्यायचा असतो आणि सगळे टक लावून बघतात. आमच्या वसतिगृहात यावरून दोघी आठवडाभर बोलत नव्हत्या. पहिला तुकडा फोनवर आईला दाखव आणि स्वतःच खा.

आणि इटलीवाला कान ओढेल. जितकी वर्षं तितक्या वेळा.

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | १२ जून, दुपारी १.१०

बावीस वेळा?? आता कळलं तो परवापासून 'तुझे कान छान आहेत' का म्हणतोय.

सगळं वाचून दाखवलं घरी, भाषांतर करत करत. आजोबांची छत्री ऐकून मोरोक्कोची गप्प झाली. ठरलं ते असं: २३ ला सगळे पोर्तो. २४ ला संध्याकाळी घरी तोणाक, पाव आणि बिस्किटांचा केक, नुसता वाढदिवस, निरोपाचा 'नि' काढायचा नाही. निरोपाची पार्टीच नको असं पोलंडची म्हणते. प्रत्येकाला बाकीच्यांनी स्टेशनवर पोचवायचं, इतकंच.

पण द्यायचं काय हे राहिलंच.

काळा_झगा | १२ जून, रात्री ८.४५

मी कोइंब्राचीच माजी विद्यार्थिनी, आता पणजीत. फिती घ्या! मे महिन्यात बघितल्या असतीलच, शेवटच्या वर्षाची मुलं विद्याशाखेच्या रंगाच्या रुंद फिती मिरवतात, वैद्यकाची पिवळी, कायद्याची लाल. त्या फितींवर घरचे आणि मित्र हाताने लिहून देतात. तुम्ही पदवीधर नाही, पण कापडाच्या दुकानातून मीटरवर फीत आणायला कुणाची परवानगी लागत नाही. सहा जण, सहा फिती. प्रत्येकाच्या फितीवर बाकीच्या पाचांनी आपापल्या लिपीत लिहायचं. अरबी, देवनागरी, सगळं. वजन काही नाही, तेवीस किलोत बसतं.

पोर्तोहून येताना तुळशीची छोटी कुंडी घेऊ नका असं मी सांगणार होते, कारण ती विमानात नेता येत नाही. पण घ्याच. सांजावला तिथे देतात ती, बारीक पानांची, वर कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. नाक लावून वास घ्यायचा नसतो, तळहाताने कुरवाळून हात हुंगायचा. जी मागे राहते तिच्यासाठी ठेवून जा. मागे राहणाऱ्यांना कुणी काही देत नाही.

दोरूची_सून | १२ जून, रात्री ९.३०

@काळा_झगा हे शेवटचं वाक्य अगदी बरोबर. मी दरवर्षी मागे राहणारी असते. भाड्याने खोली देते ना विद्यार्थ्यांना! जानेवारीत आणि जूनमध्ये माझ्या घरात अर्ध्या वापरलेल्या शाम्पूच्या बाटल्यांचं संग्रहालय होतं. फीत एकानेही दिली नाही.

मडगावची_माई | १२ जून, रात्री ९.५०

औक्षणाचं काय ठरलं गो? तोणाकात अडकून विसरू नकोस. निरांजन नसेल तर वाटीत वात. खिडकी उघडी ठेव, पडदा बाजूला.

राइनपार_म्हापसेकर | १२ जून, रात्री १०.१५

आणि धुराचा अलार्म कुठे आहे ते आधी बघ. आमच्याकडे एका औक्षणाला अग्निशामक दल आलं होतं. दोघांना लाडू दिले.

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | २८ जून, सकाळी ११.२०

उशिरा लिहितेय, माफ करा. सगळं झालं.

पोर्तोत आतशबाजी सुरू झाली तेव्हा आम्ही पुलापासून लांब, एका चढावर अडकलो होतो, अर्धीच दिसली. पण आजूबाजूच्यांना ब्राझीलवालीने सांगून टाकलं की हिचा वाढदिवस, आणि त्या अख्ख्या चढाने रांगेने माझ्या डोक्यात हातोडे मारले. एका आजीने तर दोनदा. आत्याचे मेसेज साडेसातलाच आले होते, माईंचं ऐकून उघडले नाहीत.

तोणाक संपलं. मोरोक्कोची म्हणाली, यात थोडा जिरा हवा होता, आणि तिचं बरोबर होतं. आमसुलांची सोलकढी फक्त इटलीवाल्याला आवडली, बाकीच्यांनी सभ्यपणे एकेक घोट घेतला. कान बावीस वेळा ओढून झाले. पोलंडचीने त्यांच्याकडची 'शंभर वर्षं जग' अशी शुभेच्छा गाऊन दिली, आईने फोनवरून ओवाळलं, अलार्म वाजला नाही.

निरोप काढायचा नाही असं ठरलं होतं, ते रात्री दोनपर्यंत पाळलं. मग पोलंडची भांडी घासता घासता रडायला लागली आणि मग काय, सगळेच. म्हापसेकर, तुमचं म्हणणं खरं आणि तरीही त्याचा उपयोग झाला नाही. तिची फीत मात्र तिने पहाटे स्टेशनवर उघडली, आधी नाही.

तुळस पोर्तुगीज मैत्रिणीला दिली. काल ती म्हणाली, हिला पाणी किती घालायचं हे तुझ्या आईला विचार.

मडगावची_माई | २८ जून, दुपारी १२.००

एक दिवसाआड. कुंडीत पाणी साचू देऊ नको म्हणावं. आणि जिरा तोणाकात घालत नाहीत!

लिस्बनचो_भाट | २८ जून, दुपारी १२.४०

मी घालतो.

मडगावची_माई | २८ जून, दुपारी १२.४३

म्हणूनच 'आईच्या हातचं नव्हे' होतं तुझं.

मोंडेगोकाठची_शिवोलकारीण | २८ जून, दुपारी २.१५

भांडू नका. एक कामाचं विचारायचंय: ब्राझीलची आणि इटलीचा डिसेंबरात गोव्याला यायचं म्हणतायत, दहा दिवस. आमच्या घरी एकच खोली आहे आणि नाताळात शिवोलीत भाडी काय असतात ते माहीतच आहे. म्हापसा-आसगाव बाजूला कुणाच्या ओळखीत स्वस्तात खोली आहे का?

फोंड्याचो_पोदेर | २८ जून, दुपारी २.३०

नाताळात स्वस्तात? त्यांना फोंड्याला पाठव. देवळं आहेत, पाव ताजा मिळेल, डोक्यात हातोडा कुणी मारणार नाही.